इंग्रजी कविता, एक पियानो, एक आवाज : आर्ट साँगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पियानोवर गायकांना साथ करते, त्यातही जास्त करून इंग्रजी आर्ट साँग शिकणाऱ्यांना, आणि तेच ते प्रश्न इतक्या वेळा येतात की एकदा सगळी उत्तरं एका जागी लिहून काढायची ठरवली. काही उत्तरं लांबलीयेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

आर्ट साँग म्हणजे आपलं भावगीतच ना?

बरंचसं हो. कवीने कविता आधीच लिहून ठेवलेली असते, ती गाण्यासाठी लिहिलेली असेलच असं नाही, आणि मग कुणीतरी संगीतकार येऊन तिला चाल लावतो. यशवंत देव ज्याला शब्दप्रधान गायकी म्हणायचे ती कल्पना ज्याला कळली त्याला आर्ट साँगचं अर्धं मर्म कळलं असं मी नेहमी सांगते.

फरक आहे तो कागदाचा. भावगीतात चाल एकाची, वाद्यमेळ बऱ्याचदा दुसऱ्याचा, आणि गायक आपल्या गळ्याप्रमाणे एखादी हरकत, एखादी मुरकी घालतो, ते सगळं चालतं, उलट त्याचंच कौतुक होतं. आर्ट साँगमध्ये संगीतकार गायकाची ओळ आणि पियानोची ओळ दोन्ही स्वतः लिहितो, प्रत्येक सूर, कुठे हळू, कुठे मोठ्याने, कुठे थांबायचं, सगळं. त्यात स्वतःच्या हरकती घालायच्या नसतात. माइकही नसतो. लंडनमधला विगमोर हॉल हा या प्रकाराचा जगप्रसिद्ध अड्डा, १९०१ साली उघडला तेव्हा त्याचं नाव बेखश्टाइन हॉल होतं, तिथे साधारण साडेपाचशे माणसं बसतात आणि गायक नुसत्या आवाजावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

हे इंग्लंडमध्ये सुरू कधी झालं?

थोडक्यात सांगते. जॉन डाउलंडचं ल्यूट नावाच्या तंतुवाद्याबरोबर गायच्या गाण्यांचं पहिलं पुस्तक १५९७ चं, म्हणजे शेक्सपियर हयात असतानाचं. मग सतराव्या शतकाच्या शेवटी हेन्री पर्सेल, तो १६९५ मध्ये जेमतेम छत्तीस वर्षांचा असताना गेला. त्यानंतर मोठी पोकळी. एकोणिसाव्या शतकात घरोघरी पियानो आले तशी दिवाणखान्यात म्हणायची गोडगोड गाणी भरपूर छापली गेली, पण कवितेचा मान राखणारी चाल म्हणाल तर लोक जर्मनीकडे बघत होते, शूबर्टकडे, शूमानकडे. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक १८८३ मध्ये सुरू झालं, तिथे पॅरी आणि स्टॅनफर्ड शिकवायला होते आणि त्यांच्या हाताखालून व्हॉन विल्यम्स, होल्स्ट, जॉन आयर्लंड, रिबेका क्लार्क, आयव्हर गर्नी असे संगीतकार एकामागून एक बाहेर पडले. साधारण १९०० ते १९५० ही पन्नास वर्षं म्हणजे या गाण्यांचा बहर.

मी आजपर्यंत एकही ऐकलेलं नाही, सुरुवात कुठून करू?

एकच कविता घ्या आणि तिच्या दोन वेगवेगळ्या चाली ऐका. दहा वेगवेगळी गाणी ऐकून जे कळत नाही ते यातून कळतं.

माझी निवड ठरलेली आहे. ए. ई. हाउसमन नावाचा लॅटिनचा प्राध्यापक होता, त्याने १८९६ मध्ये 'अ श्रॉपशर लॅड' नावाचा त्रेसष्ट कवितांचा छोटासा संग्रह स्वतःच्या खर्चाने छापून घेतला. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातली तरुण पोरं, त्यांचं प्रेम, फाशी, सैन्यात जाणं, मरणं. साधे शब्द, लोकगीतासारखी छोटी कडवी. संगीतकार या पुस्तकावर अक्षरशः तुटून पडले.

त्यातली 'इज माय टीम प्लाउइंग' ही कविता. टीम म्हणजे नांगराला जुंपलेली घोड्यांची जोडी. एक मेलेला तरुण थडग्यातून आपल्या मित्राला विचारतोय आणि मित्र उत्तर देतोय, एक कडवं याचं, एक त्याचं, अशी आठ कडवी. माझे घोडे अजून नांगर ओढतात का? हो रे, तू गेलास म्हणून काही थांबलेलं नाही. नदीकाठी अजून फुटबॉल खेळतात का? हो, खेळतात, गोलकीपर गोलपाशी उभाच आहे. माझी ती, तिचं रडणं थांबलं का? हो, ती आता रडत झोपत नाही. आणि मग शेवटचा प्रश्न, माझा मित्र बरा आहे ना, त्याला माझ्यापेक्षा बरा बिछाना मिळालाय ना? आणि मित्र म्हणतो, हो गड्या, मजेत आहे, मी एका मेलेल्या माणसाच्या प्रेयसीची सोबत करतो, कुणाची ते विचारू नकोस.

आता व्हॉन विल्यम्सची चाल. १९०९ ची, 'ऑन वेनलॉक एज' या सहा गाण्यांच्या मालिकेतली, टेनर म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज, पियानो आणि चार तंतुवाद्यं. हा माणूस नुकताच पॅरिसला जाऊन राव्हेल या फ्रेंच संगीतकाराकडे शिकून आला होता आणि ते कानाला जाणवतं. मेलेल्याच्या कडव्यांना दुरून आल्यासारखी गार, स्तब्ध साथ, आणि मित्राने तोंड उघडलं की पियानो धडधडायला लागतो. प्रत्येक उत्तरात अस्वस्थता वाढत जाते आणि शेवटी तर गायक जवळजवळ किंचाळतो. जबरदस्त नाट्य आहे, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हलून गेले होते.

मग दोन वर्षांनी आलेली जॉर्ज बटरवर्थची चाल, १९११ ची, नुसता बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज, आणि पियानो. मेलेल्याचा आवाज वरून सुरू होतो, अगदी हळू, आणि त्याच्याखाली पियानोच्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सावकाश घसरत खाली येतात, जिना उतरल्यासारख्या. मित्राचा आवाज खालच्या पट्टीत, मोठा, धडधाकट, थोड्या वेगात. बस, एवढंच. हेच चार वेळा. मित्र पहिली तीन उत्तरं अगदी मोकळेपणाने देतो, काही झालंच नाही असं, आणि चौथ्या उत्तरात तीच चाल अडखळते, मंदावते, आणि पियानो पुन्हा त्या भुताच्या कॉर्ड्सवर येऊन अधांतरी थांबतो. समेवर येत नाही. गाणं संपलंय की नाही तेच कळत नाही.

मला विचाराल तर बटरवर्थ. व्हॉन विल्यम्स मोठा संगीतकार, त्यात वादच नाही, पण त्याच्या चालीत मित्राच्या मनात काहीतरी खुपतंय हे पहिल्याच उत्तरापासून कळतं. हाउसमनच्या कवितेत ते कळत नाही, तिथे शेवटच्या दोन ओळींत पायाखालची जमीन जाते. बटरवर्थने कवितेची ती युक्ती सांभाळली. कविता कुठली गोष्ट कधी सांगते याच्याशी चाल इमानदार आहे का, मी एवढंच बघते.

संगीतकाराला कवितेतली कडवी गाळायचा हक्क आहे का?

हा प्रश्न याच गाण्यावरून पेटला होता. व्हॉन विल्यम्सने फुटबॉलची दोन कडवी सरळ उडवली. हाउसमन भडकला. त्याने प्रकाशकाला लिहिलं की मी त्याच्या संगीतातले दोन बार, म्हणजे तालाचे दोन तुकडे, कापले तर त्याला कसं वाटेल. व्हॉन विल्यम्सचं म्हणणं असं की कवितेचा अर्थ बिघडत नसेल तर संगीतकाराला हवा तो भाग घेण्याची मुभा आहे, आणि 'द गोल स्टँड्स अप, द कीपर स्टँड्स अप टू कीप द गोल' असल्या ओळी ज्याने विसरायला लावल्या त्याचे कवीने आभारच मानावेत.

ओळी कवितेतल्या सगळ्यात कच्च्या आहेत हे मलाही मान्य आहे. तरी मी हाउसमनच्या बाजूने आहे. मेलेला माणूस आधी घोड्यांचं विचारतो, मग फुटबॉलचं, म्हणजे तो मूळ प्रश्नाला भीत भीत वळसा घालतोय. आपल्याकडे गावी फोन केल्यावर पाऊस कसाय, म्हैस व्याली का, असं सगळं विचारून झालं की मग शेवटी आवाज खाली आणून ती कशी आहे हे विचारतात ना, तसंच. फुटबॉल काढला की वळसाच गेला, घोड्यांवरून थेट मुलीवर. बटरवर्थने आठही कडवी ठेवली.

पुनरावृत्तीचं मात्र वेगळं. शेवटची ओळ दोनदा म्हणणं, एखादा शब्द परत घेणं, हे पूर्वीपासून चालत आलंय, पर्सेल तर एकेक शब्द चारचारदा घेतो. विसाव्या शतकात लोक याबाबत जास्त काटेकोर झाले, जेराल्ड फिन्झीसारखा संगीतकार एका अक्षराला शक्यतो एकच सूर देतो आणि शब्द उगाच परत घेत नाही.

मग कवींना या चाली आवडायच्या का?

हाउसमनला नाही. पण त्याचं वागणं मला फार मोठ्या मनाचं वाटतं, कारण त्याने संगीतकारांना परवानगी दिली आणि पैसे घेतले नाहीत. एकदा एका मित्राच्या घरी त्याला कौतुकाने 'ऑन वेनलॉक एज' ची रेकॉर्ड लावून दाखवली, तर त्याची अवस्था बघवेना, कधी एकदा थांबतंय असं त्याला झालं. मला ते समजू शकतं. ज्याने ओळ मनात एका लयीत ऐकलीये त्याला दुसऱ्याने लावलेली लय टोचणारच.

इंग्रजी शब्दांना चाल लावताना आपले मराठी लोक कुठे चुकतात?

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आपल्या कानाला लघु-गुरू कळतं. श्लोक म्हणत, आर्या म्हणत मोठं झालेल्या माणसाला अक्षर लांब की आखूड हे शिकवावं लागत नाही. इंग्रजी कविता मात्र लांबीवर चालत नाही, आघातावर चालते. कुठल्या अक्षरावर जोर आहे आणि कुठली अक्षरं नुसती घरंगळत जातात यावर. मराठी माणूस इंग्रजी म्हणताना प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, बोलण्यात ते चालून जातं, गाण्यात अजिबात नाही. लहानपणापासून अभंग म्हणणारा एक गुणी मुलगा माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा 'ऑफ' आणि 'द' सुद्धा तितक्याच निष्ठेने म्हणायचा जितक्या निष्ठेने 'ट्री'. सूर पक्का, आवाज सुरेख, आणि एक वाक्य कळत नव्हतं. त्याला मी दोन आठवडे गाऊच दिलं नाही, कविता नुसती बोलायला लावली.

जोराचं अक्षर समेवर किंवा निदान टाळीवर यायला हवं, ही पहिली पायरी, ही सगळ्यांना कळते. दुसरी पायरी अवघड. इंग्रजीत जोराचं अक्षर बऱ्याचदा आखूड असतं. 'नेव्हर' घ्या. जोर 'ने' वर आहे, पण 'ने' लांबवला की तो शब्द विचित्र वाटायला लागतो. 'पिटी', 'बॉडी', 'एव्हर', सगळ्यांचं तेच. आपण जोर म्हटलं की लांब करतो, सवयच आहे. यावर इंग्रजांकडे जुना तोडगा आहे, पहिला सूर ठोक्यावर पण अगदी छोटा, आणि लगेच दुसरा लांब, म्हणजे एक झटका. पर्सेलच्या गाण्यात हा झटका जागोजागी सापडतो, आणि पुढे विसाव्या शतकात बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने पर्सेल खोलात शिरून अभ्यासला, त्याच्या गाण्यांना पियानोची साथ लिहून ती स्वतः वाजवली, तेव्हा इंग्रजी शब्द पुन्हा मोकळेपणाने कसे हाताळायचे हे तो तिथूनच शिकला.

तिसरी गोष्ट व्यंजनांची. आपले बरेच शब्द स्वरावर संपतात, 'सखी', 'माझे', 'गेला'. इंग्रजी शब्द टी, डी, एस, के असल्या व्यंजनांवर धाडकन बंद होतात. सूर पूर्ण लांबीभर स्वरावरच धरायचा आणि व्यंजन अगदी शेवटच्या क्षणी टाकायचं. लवकर बंद केलं की सूर मेला, टाकलंच नाही तर शब्द मेला.

वरच्या सुरावर कुठला शब्द येऊ द्यावा?

मोकळा 'आ' किंवा 'ऑ' असलेला. 'ई' आणि 'ऊ' वर सोप्रानोला, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेला, खूप उंच सूर लावायला सांगितला तर ती तोंड उघडणारच आणि 'ई' चा 'ए' होणारच, त्यात तिची चूक नाही, घशाची रचनाच तशी आहे. नवीन संगीतकार कवितेतला सर्वात महत्त्वाचा शब्द सर्वात उंच सुरावर ठेवतात आणि मग तोच शब्द कुणाला कळत नाही. महत्त्वाचा शब्द मधल्या पट्टीत ठेवा, किंवा सरळ खाली आणा. बटरवर्थ 'लव्हलिएस्ट ऑफ ट्रीज' ची सुरुवातच वरून खाली उतरत करतो, चेरीच्या पाकळ्या गळाव्यात तशी.

पियानो नुसती साथच करतो ना?

नाही. साथ हा शब्दच इथे जरा अपुरा पडतो, पण दुसरा चांगला शब्द मला सापडलेला नाही म्हणून तोच वापरते. पियानो बऱ्याचदा कवितेत न लिहिलेली गोष्ट सांगतो. व्हॉन विल्यम्सचं 'द व्हॅगबाँड' घ्या, स्टीव्हन्सनची कविता, 'साँग्ज ऑफ ट्रॅव्हल' मधलं पहिलं गाणं. गायक म्हणतो मला फक्त वर आकाश आणि पायाखाली रस्ता द्या. आणि पियानोचा डावा हात पहिल्या ठोक्यापासून चालतोच आहे, जड बुटांनी. गायक स्वप्नाळू होतो तेव्हाही पाय थांबत नाहीत. या मालिकेचं नववं गाणं व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये वारल्यावर त्याच्या कागदांत सापडलं, त्यात आधीच्या गाण्यांचे तुकडे परत येतात, म्हणजे ज्यांनी पन्नास वर्षं ही मालिका गायली त्यांना तिचा शेवट माहीतच नव्हता.

प्रत्येक कडव्याला तीच चाल ठेवावी की बदलावी?

कवितेला विचारा. कविता गोल फिरत असेल, प्रत्येक कडव्याचा शेवट एकाच ओळीवर येत असेल, तर तीच चाल ठेवा. कविता पुढे सरकत असेल, माणूस पहिल्या ओळीत जिथे होता तिथे शेवटी नसेल, तर तीच चाल शेवटी खोटी वाटते. मधला मार्ग म्हणजे चाल तीच पण साथ बदलायची. मला हाच सगळ्यात आवडतो, कारण ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटतं आणि तरी काहीतरी हललंय हे जाणवतं.

ही गाणी मधूनच आपल्या रागांसारखी का वाटतात?

तुमचा कान बरोबर आहे. १९०३ मध्ये व्हॉन विल्यम्सला एसेक्समध्ये एका वयस्कर मजुराकडून एक लोकगीत ऐकायला मिळालं आणि मग तो गावोगाव हिंडून गाणी लिहून घ्यायला लागला, आठशेच्या वर गाणी जमवली. बटरवर्थही तेच करत होता. ही लोकगीतं मेजर आणि मायनर या नेहमीच्या पाश्चात्त्य स्वरसप्तकांत बसत नाहीत, जुन्या स्वरसप्तकांत, म्हणजे मोड्समध्ये असतात. डोरियन मोडचे सूर म्हणजे आपल्या काफी थाटाचे, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे, एओलियन म्हणजे आसावरीचे. सूर तेच, चलन वेगळं, त्यामुळे राग शोधत बसू नका, सापडणार नाही. पण कोमल निषाद ऐकून आपला जीव हलतो तो उगाच नाही.

ही सगळी गाणी इतकी दुःखी का?

सगळी नाहीत, रॉजर क्विल्टर या संगीतकाराने चाल लावलेली शेक्सपियरची गाणी ऐका, किती प्रसन्न आहेत. पण हो, बरीच. आणि पहिल्या महायुद्धानंतर ती जास्तच दुःखी वाटायला लागली, जी आधी लिहिलेली होती तीसुद्धा. हाउसमनच्या मरणाऱ्या पोरांना चाली लावणारा बटरवर्थ ५ ऑगस्ट १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीजवळच्या लढाईत गोळी लागून गेला, एकतीस वर्षांचा होता. त्याचं शव मिळालं नाही. आघाडीवर जाण्याआधी त्याने स्वतःला न पटलेल्या बऱ्याच रचना नष्ट केल्या, त्यामुळे आपल्या हातात उरलंय ते फार थोडं.

आयव्हर गर्नीचं नाव इथे घ्यायलाच हवं. तो कवीही होता आणि संगीतकारही, दोन्हीत अस्सल. खंदकात, पियानो नाही काही नाही, अशा अवस्थेत त्याने जॉन मेसफील्ड या कवीच्या 'बाय अ बिअरसाइड' (बिअर म्हणजे इथे तिरडी) ला चाल लावली. १९१७ मध्ये त्याला युद्धातला विषारी गॅस लागला. १९२२ पासून १९३७ मध्ये मरेपर्यंत तो मनोरुग्णालयात होता. त्याचं 'स्लीप' हे गाणं, जॉन फ्लेचरच्या जुन्या कवितेवरचं, युद्धाच्या आधीचं आहे, झोपेला घातलेली साद, ये आणि थोडा वेळ तरी मला फसव अशी. पुढचं आयुष्य माहीत असल्यावर ते वाजवताना दर वेळी माझे हात जड होतात.

खूप थोर कविता असेल तर चाल तिचं नुकसान करते असं म्हणतात, खरं का?

मला पटत नाही. शेक्सपियरच्या नाटकातली गाणी तर गाण्यासाठीच होती. गंमत म्हणजे 'फिअर नो मोर द हीट ओ द सन' हे सिम्बेलीन नाटकातलं शोकगीत तिथले दोन भाऊ गात नाहीत, आपले आवाज फुटलेत म्हणून नुसतं म्हणतात. आणि त्याच शब्दांना फिन्झीने जी चाल लावली ती ऐकल्यावर वाटतं हे गाणं असंच जन्मलं असणार. 'लेट अस गार्लंड्स ब्रिंग' या पाच गाण्यांच्या संचात आहे ते, १२ ऑक्टोबर १९४२ ला पहिल्यांदा गायलं गेलं, त्या दिवशी व्हॉन विल्यम्सचा सत्तरावा वाढदिवस होता आणि हा संच त्यालाच अर्पण केलाय. लंडनवर बाँब पडून गेलेले, युद्ध चालू, आणि सभागृहात हे शब्द की आता उन्हाला भिऊ नकोस, थंडीला भिऊ नकोस, तुझं काम झालं.

अवघड, गुंतागुंतीच्या कवितेचं म्हणाल तर जॉन डन या जुन्या कवीची सुनीतं बघा. एकेक वाक्य चार ओळी वळत जातं. ब्रिटन जुलै १९४५ मध्ये येहुदी मेन्युहिन या व्हायोलिनवादकाबरोबर जर्मनीत छळछावण्यांतून सुटलेल्या लोकांसमोर वाजवायला गेला, बेल्सनच्या छावणीत गेला, आणि परत आल्यावर ऑगस्टमध्ये डनच्या नऊ सुनीतांना चाली लावून मोकळा झाला. ती गाणी ऐकताना प्रत्येक शब्द कळत नाही हे खरं, पण डन वाचताना तरी कुठे पहिल्यांदा कळतो. पहिल्यांदा ऐकणार असाल तर कविता हातात धरून ऐका.

बायकांनी लावलेल्या चाली कुठल्या ऐकाव्यात?

रिबेका क्लार्कचं 'द सील मॅन' आधी ऐका. मेसफील्डचा गद्य उतारा आहे, त्याला छंदच नाही, आणि तरी तिने त्याचं असं गाणं केलंय की समुद्रात ओढल्यासारखं वाटतं. लिझा लेमनची 'इन अ पर्शियन गार्डन' १८९६ ची, चार आवाजांसाठी, फिट्झजेरल्डने इंग्रजीत आणलेल्या उमर खय्यामवर. माधव जूलियनांनी मराठीत आणलेला तोच उमर खय्याम, त्यामुळे मराठी वाचकाला ती ऐकताना ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं. आणि मॅडलिन ड्रिंग, तिची शेक्सपियरची गाणी फार ताजी आहेत.

मला स्वतः चाल लावायचीये, कॉपीराइटचं काय?

आधी हे बघा, नंतर नाही, म्हणजे रडायची वेळ येत नाही. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतात, ते मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचे. ब्रिटनमध्ये सत्तर वर्षं. अमेरिकेत जुन्या प्रकाशित साहित्याला छापल्याच्या वर्षापासून पंच्याण्णव वर्षं असा हिशोब लागतो. शेक्सपियर, ब्लेक, कीट्स, टेनिसन, हार्डी आणि हाउसमनचं 'अ श्रॉपशर लॅड' या तिन्ही देशांत मोकळे. पण मेसफील्ड १९६७ मध्ये गेला, म्हणजे भारतात २०२७ संपेपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०३७ संपेपर्यंत थांबायचं, आणि त्याचीच १९०२ मध्ये छापलेली कविता अमेरिकेत मात्र मोकळी. गाणं इंटरनेटवर टाकणार असाल तर ते सगळ्या देशांत ऐकलं जातं हे लक्षात ठेवा.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराने रॉबर्ट फ्रॉस्टच्या बर्फातल्या जंगलाच्या कवितेला कॉयरसाठी, म्हणजे समूहगायनासाठी, चाल लावली आणि हक्कदारांनी परवानगी दिली नाही. सगळं संगीत तयार. शेवटी चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्त्री या कवीने त्याच सुरांवर बसतील असे नवे शब्द लिहून दिले आणि ते गाणं 'स्लीप' नावाने जगभर गायलं गेलं. फ्रॉस्टची कविता २०१९ मध्ये अमेरिकेत मोकळी झाली.

अजून एक. कविता मोकळी असली तरी दुसऱ्याची चाल मोकळी असेलच असं नाही. बटरवर्थची चाल झेरॉक्स काढून गा, काही हरकत नाही. व्हॉन विल्यम्स ब्रिटनमध्ये २०२८ संपेपर्यंत हक्कांखाली आहे.

बरं, चाल लावायला बसले, पहिली पायरी कुठली?

वाद्याला हात लावू नका. कविता पाठ करा. बसमध्ये, भांडी घासताना, मोठ्याने म्हणा, आणि श्वास आपोआप कुठे तुटतो ते पेन्सिलने लिहून ठेवा. मग प्रत्येक ओळीतलं सगळ्यात जड अक्षर एकच निवडा, दोन नाही. मग कविता कुठल्या जागी वळते ती जागा शोधा, बहुतेक चांगल्या कवितेत अशी एक जागा असतेच, आणि तिथे काय करायचं ते आधी ठरवा, सुरुवातीचं नंतर. बारा ते सोळा ओळींची कविता घ्या. ब्लेक चांगला, हार्डी चांगला. कीट्सचे ओड, म्हणजे कुणाला तरी उद्देशून लिहिलेल्या कविता, पहिल्यांदा घेऊ नका, फार लांब आहेत आणि प्रत्येक ओळीत इतकं ऐश्वर्य आहे की सुरांना जागाच उरत नाही.

आणि तयार झाल्यावर गायकाला द्या आणि गप्प बसून ऐका. तो जिथे श्वास चोरतोय तिथे तुमची चूक आहे.

नवशिक्या गायकाने कुठलं गाणं घ्यावं?

'लिंडन ली'. व्हॉन विल्यम्सचं १९०१ चं, विल्यम बार्न्सच्या कवितेवर, तीन कडवी, आवाजाची धाव फार नाही आणि सूर इतके सरळ की सगळं लक्ष शब्दांकडे देता येतं. मग जॉन आयर्लंडचं 'सी फीव्हर', मग क्विल्टर. पट्टी बदलून घ्यायला लाजू नका, ही गाणी उंच आणि खालच्या अशा दोन पट्ट्यांत छापलेली सर्रास मिळतात. बरेच विद्यार्थी ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या संगीत परीक्षेसाठी म्हणून ही गाणी घेतात, घ्या की, पण परीक्षेपुरत्या गाण्यांवर थांबू नका.

मराठी अनुवाद करून गाता येईल का?

येईल, आणि करून बघण्यासारखं आहे. शूबर्टने शेक्सपियरचं 'हू इज सिल्व्हिया' १८२६ मध्ये जर्मन अनुवादातच चाल लावून अमर केलं. पण इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवणं हे वेगळं आणि फार चिवट काम. त्या चालीत आखूड जोराची अक्षरं, शेवटी बंद होणारी व्यंजनं यांची सोय केलेली असते, मराठीला तिथे गुरू अक्षर हवं असतं आणि मोकळा स्वर हवा असतो. मी प्रयत्न केलाय आणि दर वेळी मला चालच बदलावी लागलीये. त्यापेक्षा अनुवादाला नवी चाल लावा. कार्यक्रमात मूळ इंग्रजी गायचं असेल तर आधी मराठीत कविता नुसती वाचा, दोन मिनिटं लागतात, आणि लोक एकदम वेगळ्या कानांनी ऐकतात.

कार्यक्रमात टाळ्या कधी वाजवायच्या?

मालिका असेल तर सगळी गाणी संपल्यावर, मध्ये नाही. आणि शेवटचं गाणं झालं तरी पियानोवाल्याचे हात बघा. हात कळपट्टीवर असेपर्यंत गाणं चालू आहे, गायकाने तोंड मिटलं असलं तरी. बटरवर्थच्या 'अ श्रॉपशर लॅड' वरच्या सहा गाण्यांच्या संचात 'इज माय टीम प्लाउइंग' शेवटचं येतं, आणि ती शेवटची कॉर्ड मी पेडल दाबून धरते, ती विरत जाते, विरत जाते, आणि एखाद्याच्या घाईच्या टाळीने ती मध्येच तुटली की मित्राने मेलेल्या माणसाला दिलेलं उत्तर कुणी ऐकलंच नाही असं होतं. पूर्ण विरू द्या. मी हात उचलते तेव्हा दिसतं.